आवाजाचं कार्ड

"आवाज येईल ना पण नक्की?" कुंदाताईनं तिसऱ्यांदा विचारलं.

"अगं ताई, शंभर टक्के. लिहून देऊ का?" मी म्हणालो.

"लिहून देऊन मला काय उपयोग? तोंडानं सांग," ती म्हणाली, आणि आत चुलीपाशी बसलेली तिची आई खुदकन हसली.

"येईल. आजवर कधी आला नसेल इतका स्वच्छ येईल."

दोन हजार आठचा दसरा, गुरुवार. सकाळी नऊ वाजता मी फलटणमध्ये त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, जमिनीवर मांडी ठोकून, कुंदाताईच्या कम्प्युटरसमोर बसलो होतो. हातात लिनक्सची सीडी होती, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, कोणालाही फुकट मिळणारी सिस्टिम. वय सव्वीस, इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर, आणि डोक्यात ही एवढी हवा. जगातल्या सगळ्या कम्प्युटरवरून विंडोज घालवायचं कंत्राट जणू मलाच मिळालं होतं. कोणी नुसतं "कम्प्युटर हळू चालतोय" म्हटलं, की मी सीडी घेऊन त्याच्या दारात हजर. माझी बायकोसुद्धा तेव्हा लोकांना सांगायची, याच्यासमोर कम्प्युटरचं नाव काढू नका, जेवण गार होईल.

कुंदा रेळेकर आमच्या पेठेतलीच, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. गावातल्या एका नागरी बँकेत ती टेलिफोन ऑपरेटर होती. पण बँक आता आपोआप फोन जोडणारं यंत्र आणणार होती, म्हणजे ताईची खुर्ची जाणार होती. मॅनेजर माणूस बरा होता, त्यानं तिला एक वाट काढून दिली. येत्या सोमवारी संचालकांसमोर कम्प्युटरवर एक इंग्रजी पत्र वाचायचं आणि त्याचं उत्तर टाइप करून दाखवायचं. जमलं तर ती क्लार्क होणार होती. नाही जमलं तर यंत्र आल्यावर तिनं कुठं बसायचं, हे कोणीच सांगत नव्हतं.

ताई कम्प्युटर चालवायची ती कानांनी. स्क्रीनवर जे काही असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. कुठलंही बटण दाबलं की तो बोलतो, बाण फिरवला की बोलतो. बँकेच्या कम्प्युटरवर तो नव्हता, म्हणून तिनं स्वतःचा कम्प्युटर नेऊन परीक्षा द्यायची असं ठरलं. तिथंच माशी शिंकली. बँकेचा कम्प्युटर बघणारा जो माणूस होता, त्यानं बजावलं की बाहेरचं मशीन आणायचं तर त्यावर चोरीचं सॉफ्टवेअर चालणार नाही, ऑडिट असतं. ताईचं विंडोजही कुठून तरी कॉपी केलेलं, आणि तो बोलणारा प्रोग्रॅमही. विकत घ्यायचा तर त्याची किंमत तिच्या पाच-सहा पगारांएवढी होती.

मग ती माझ्याकडे आली, आणि माझ्यासारख्याला तर तेच हवं होतं.

तसं तिनं घाईनं काहीच ठरवलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर बसून तिनं तासभर लिनक्समधला फुकटचा बोलणारा प्रोग्रॅम ऐकला होता. "आवाज घोगरा आहे, पण कामाचा आहे," म्हणाली होती. मग तिनं विचारलं होतं, "अभय, दोन्ही ठेवता येतात म्हणे एकाच मशीनवर. विंडोज राहू दे बाजूला, लागलंच तर."

"अजिबात नको," मी म्हणालो होतो. "एक पाय इकडे, एक पाय तिकडे असलं की माणूस कधी शिकत नाही. आणि बँकेत कोणी तपासलं तर?"

खरं सांगतो, बँकेचं मला काही पडलं नव्हतं. मला तिचं मशीन निखळ लिनक्सचं करून हवं होतं. आदल्या रात्री मी आमच्या लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे ईमेलवरच्या गटात, मोठ्या दिमाखात लिहूनही टाकलं होतं, की उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर एक अंध बँक कर्मचारी विंडोज सोडते आहे. पंचवीस जणांनी वाहवा केली होती.

खरंतर अशा वेळी आधी नुसती सीडी घालून मशीन चालू करून बघायचं असतं. काही पुसायचं नाही, काही बदलायचं नाही. पडदा दिसतो का, आवाज येतो का, सगळे भाग ओळखले जातात का, ते बघायचं आणि मगच पुढं जायचं. हे मीच पोरांना वर्गात शिकवायचो. त्या दिवशी मी ते केलं नाही. दहा मिनिटांचं काम होतं. मी सरळ जुनं सगळं पुसून टाकलं.

तासाभरानं मशीन परत चालू झालं. पडद्यावर छान निळं चित्र आलं. आवाज आला नाही.

"झालं का?" ताईनं विचारलं.

"होतंय, होतंय."

मी आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवली. स्पीकरची वायर काढून परत लावली, हेडफोन लावून बघितला. मशीनच्या मते आवाज अगदी व्यवस्थित चालला होता. गाणं लावलं की पट्टी पुढे सरकत होती, वेळ मोजला जात होता, आणि खोलीत मात्र चिडीचूप. मी काळ्या खिडकीत कमांडवर कमांड मारत सुटलो. ताई शेजारी पाटावर मान कलती करून बसली होती. माझ्या बोटांचा वेग वाढत चाललाय हे तिला कळत असणार. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काही अडलंय का रे?" ती म्हणाली.

"नाही, जरा ड्रायव्हर बघतोय."

"सकाळी तू यायच्या आधी मी लावून बघितलं होतं. चांगलं बोलत होतं."

तेवढ्यात तिची आई, मालनकाकू, पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. कम्प्युटरच्या खोक्यावर आदल्या दिवशीच्या खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू होतं, वर झेंडूची माळ होती. शिवणयंत्राला, विळीला, पाट्यालाही तसंच लावलेलं होतं. त्या घरात जे जे कमावून देणार, त्या सगळ्याची पूजा व्हायची.

"अभय," काकू हळूच म्हणाल्या, "काल पूजा करताना मी त्याच्यावर फुलानं पाणी शिंपडलं होतं बघ. त्यानं तर काही झालं नसेल ना?"

ही गोष्ट मला पुढं कित्येक वर्षं आठवत राहिली, की खोटं मी शोधून काढलं नव्हतं. बाईनं ते स्वतःहून माझ्या हातात आणून दिलं होतं, आणि मी ते घेतलं.

"किती पाणी?" मी विचारलं.

"थोडंसंच. चार थेंब."

"कुठं? इथं पुढं, या फटींवर?"

"असेल बाई. मला काय ठाऊक कुठं फटी असतात ते."

मी खोक्याचं झाकण उघडलं. आत वाकून बघितल्यासारखं केलं. आत सगळं ठणठणीत कोरडं होतं, नुसती धूळ. मी दीर्घ श्वास सोडला. डॉक्टर सोडतात ना, तसा.

"आवाजाचं कार्ड गेलंय," मी म्हणालो.

"पण सकाळी चालत होतं ना," ताई म्हणाली.

"पाणी लगेच नाही काम करत, ताई. आत उतरतं, हळूहळू गंज धरतो. आज गेलं, उद्या गेलं असतं, कधीतरी जाणारच होतं."

कुठून सुचत होतं मला हे, देव जाणे. एकही शब्द अडखळला नाही.

ताई आईच्या दिशेनं तोंड न वळवता म्हणाली, "आई, तुला कितीदा सांगितलंय. माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नकोस म्हणून."

"अगं, पूजाच केली."

"कोणी सांगितली होती पूजा? सोमवारी काय करू मी आता? देवाला नेऊन बसवू का संचालकांसमोर?"

तिचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. काकू तिथंच उभ्या राहिल्या. मग त्यांनी झेंडूची माळ खोक्यावरून उचलली, पदराच्या टोकानं हळदकुंकू पुसलं आणि आत गेल्या. अर्ध्या तासानं त्यांनीच मला जेवायला वाढलं. श्रीखंड-पुरी होती, बटाट्याची भाजी होती. "सणाचं उपाशी जाऊ नको," म्हणाल्या. ताई जेवली नाही. मी जेवलो. दोनदा श्रीखंड घेतलं, कारण नको म्हणायला तोंड वर करावं लागलं असतं.

शुक्रवारी कॉलेजात गेलो तो थेट लॅबमध्ये. दिवसभर इंटरनेटवर शोधत बसलो. काही सापडेना. आता साधी गोष्ट होती, मेलिंग लिस्टवर विचारायचं. तिथं कोणीतरी नक्की सांगितलं असतं. पण तिथं मी कोण होतो? नवख्या पोरांनी बावळट प्रश्न विचारले, की "आधी मॅन्युअल वाचा" असं फटकारून उत्तर देणारा मी. आणि परवाच ज्याची वाहवा झाली त्या मशीनला वाचाच नाही, हे मी कुठल्या तोंडानं लिहिणार? नाही लिहिलं. शनिवारी बारामतीला जाऊन खरंच एखादं आवाजाचं कार्ड मिळतं का ते बघून आलो. दुकानदार म्हणाला, सणामुळं माल अडकलाय, मंगळवारनंतर या.

रविवारी दुपारी ताईचा फोन आला.

"अभय, एक विचारू का? रागावू नकोस. ती विंडोजची सीडी आहे माझ्याकडे अजून. परत टाकून बघायचं का? एकदा बघायला काय हरकत आहे? लायसनचं मी मॅनेजरसाहेबांच्या पाया पडून बघते."

फोन कानाला लावून मी अंगणात उभा होतो. विंडोज टाकलं असतं तर तासाभरात मशीन बोललं असतं. परीक्षा झाली असती. आणि त्याच तासाभरात सगळ्यांना कळलं असतं की कार्ड धडधाकट आहे, पाण्याचं काही नाही, अभय वाळिंब्यानं नुसती फेकाफेक केली.

"ताई," मी म्हणालो, "कार्डच गेलंय तर विंडोज काय करणार? मुका माणूस भाषा बदलून बोलतो का?"

"तेही खरंच," ती म्हणाली. "बरं. मग निदान टाइप तरी करून दाखवते. बोटांना तर काही झालं नाही ना."

तिनं फोन ठेवला. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या. घाईनं केल्या, रागानं केल्या. ही एक मी दोन मिनिटं विचार करून केली.

सोमवारी सकाळी रिक्षात मशीन घालून आम्ही तिघं बँकेत गेलो. वरच्या मजल्यावर सभेची खोली होती. चेअरमन, दोन संचालक, मॅनेजर आणि बँकेचा तो कम्प्युटरवाला बसले होते. मी मशीन जोडून दिलं, लिहायचं पान उघडून दिलं आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. काकू दाराशी एका स्टुलावर बसल्या.

"साहेब," ताई म्हणाली, "माझ्या मशीनचा आवाजाचा भाग बिघडलाय. चार दिवस मिळाले तर बरं होईल."

चेअरमन वाईट माणूस नव्हते, पण त्यांना पुढं कारखान्यावर मीटिंग होती. "पोरी, उद्या काउंटरवर मशीन बिघडलं तर गिऱ्हाइकाला चार दिवसांनी ये म्हणणार का? ही सगळी मंडळी आज मुद्दाम जमलीत. जेवढं येतं तेवढं दाखव."

मॅनेजरनं मग भलेपणानं ते पत्र स्वतःच वाचून दाखवलं. कोणा खातेदाराची चेकबुक मिळालं नसल्याची तक्रार होती. ताईनं मान हलवली, खुर्ची पुढं ओढली आणि हात कळांवर ठेवले. हात ठेवताना तिची बोटं कुठल्या तरी दोन कळांवर पडली आणि पडद्याच्या कोपऱ्यात शब्द शोधायची एक बारीकशी चौकट उघडली. आवाज असता तर तिला तत्क्षणी कळलं असतं. आता तिनं टाइप करायला सुरुवात केली ती त्या चौकटीत.

काय वेगानं टाइप करायची ती. न चुकता, न थांबता. अक्षरं त्या बोटभर चौकटीत एका बाजूनं शिरत होती आणि दुसऱ्या बाजूनं दिसेनाशी होत होती. समोरचं पान पांढरं होतं. चेअरमननी मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरनी माझ्याकडे. मी "ताई, थांब" म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण परीक्षेत मधे बोलायचं नाही असं त्या कम्प्युटरवाल्यानं आधीच बजावलं होतं, आणि मला ते कारण पुरलं. आठ-दहा मिनिटं खोलीत नुसता कळांचा आवाज चालला होता.

शेवटी तिनं हात मांडीवर घेतले, सरळ बसली आणि म्हणाली, "झालं, साहेब."

मग दाराशी बसलेल्या काकू उठून जवळ आल्या. त्यांना इंग्रजी काय, मराठीही धड वाचता येत नव्हतं. त्यांनी पडदा बघितला.

"कुंदा," त्या म्हणाल्या, "कागद कोराच आहे गं."

ताईचा चेहरा मी त्यानंतर बघितला नाही. मी वायरी काढायला टेबलाखाली वाकलो. वर काकूंचा आवाज येत होता. त्या चेअरमनना हात जोडून सांगत होत्या, "साहेब, तिची काही चूक नाही हो. त्या मशीनवर पाणी मी घातलं. माझ्या अडाणीपणानं झालं सगळं. पाहिजे तर या पोराला विचारा." तो पोर टेबलाखाली होता. कोणी विचारलं नाही, आणि तोही बाहेर येऊन काही बोलला नाही.

मंगळवारी मी लिस्टवर प्रश्न टाकला. खोट्या नावानं. वीस मिनिटांत केरळच्या एका माणसाचं उत्तर आलं, की या जातीच्या मशीनमध्ये एक स्विच उलटा असतो, तो बंद करा, आवाज येईल. सोबत एका ओळीची कमांड दिली होती. चौकशी केल्यासारखं त्यानं खाली लिहिलं होतं, नवीन आहात का, काही अडलं तर विचारत जा.

बुधवारी मी लॅबमधलं एक जुनं कार्ड पुठ्ठ्याच्या डब्यात घालून ताईच्या घरी गेलो. मशीन उघडलं. दोन स्क्रू काढले, तेच परत लावले. मग ती ओळ टाइप केली. मशीन बोलायला लागलं.

ताईच्या चेहऱ्यावर हसू आलं, थोडंसंच. काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली. "तुझे उपकार आहेत बाबा," म्हणाल्या. "मी आता त्या मशीनच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही." मी साखर खाल्ली. कार्ड तसंच ठेवलेला डबा बगलेत मारून घरी आलो. कार्डाचे पैसे घेतले नाहीत म्हणून माझ्या मनाचा मोठेपणा पेठेत काही दिवस चर्चेत होता.

दिवाळीनंतर बँकेत ते यंत्र आलं. ताईला रेकॉर्ड रूमच्या दाराशी एक खुर्ची दिली. काम काही नाही. दोन वर्षं ती तिथं रोज दहा ते साडेपाच नुसती बसून होती. मी दर रविवारी तिला शिकवायला जायला लागलो, अगदी न चुकता. लोकांना वाटायचं, केवढी ही तळमळ. दोन वर्षांनी नव्या मॅनेजरनं परत परीक्षा घेतली. ती पहिल्या झटक्यात पास झाली आणि क्लार्क झाली. आता तर ती गावोगावच्या अंध मुलांना फोनवरून लिनक्स शिकवते. माझ्यापेक्षा जास्त येतं तिला.

मालनकाकू गेल्या त्याला आता सात वर्षं झाली. दहाव्यानंतर दोन दिवसांनी मी संध्याकाळी ताईला भेटायला गेलो. घरात अकलूजची बकुळामावशी, म्हणजे काकूंची धाकटी बहीण, आणि चार-पाच नातेवाईक होते. गेलेल्या माणसाच्या आठवणी निघतात तशा निघत होत्या. कोणीतरी मला ओळखलं.

"म्हणजे तो कम्प्युटर दुरुस्त करून देणारा तूच का रे?" बकुळामावशी म्हणाली. "काय आमची थोरली ताई! देवाचं पाणी घालून मशीन बंद पाडलं बाईनं, पोरीची नोकरी जायची वेळ आणली. आम्ही कुठल्याही लग्नात जमलो की हा किस्सा निघायचाच. मी मिक्सर चालू करायला लागले तरी लांबून ओरडायची, बकुळे, हात कोरडे आहेत का बघ."

सगळे हसले, प्रेमानंच हसले. मीही हसलो.

थोड्या वेळानं मावशी गाडीची वेळ झाली म्हणून उठली. बाकीचे तिला सोडायला तिच्यासोबत गेले. ताई आणि मी दोघंच उरलो. मला तिथून उठवेना.

"ताई," मी म्हणालो, "ते कार्ड गेलं नव्हतं."

"माहितीये," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"तू शिकवायला यायला लागलास ना, तेव्हा एकदा मी तुझ्या त्या काळ्या खिडकीत वरचा बाण दाबला. आधी टाइप केलेल्या ओळी तो एकेक वाचून दाखवतो, तूच शिकवलं होतंस. बुधवारची ओळ ऐकली. त्या ओळीनं काय होतं ते लिस्टवर विचारून घेतलं. मग कळलं."

"मला का नाही विचारलंस?"

"आधी आईला सांगितलं. त्याच दिवशी. म्हटलं, आई, पाण्यानं काही झालं नव्हतं, त्याला जमलं नाही म्हणून तो खोटं बोलला." ताईनं बोटांनी सतरंजीची सुरकुती सारखी केली. "तिनं ऐकूनच घेतलं नाही. म्हणाली, सणाच्या दिवशी आपल्या घरी जेवून गेलेला पोरगा आहे तो, एवढा शिकलेला, तो असं कशाला करेल? तुझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल. अभय, मला दिसत नाही म्हणून तिनं जन्मभर माझ्या कानांवर सगळा भरवसा ठेवला. घरात कोण आलं, दूध उतू जातंय का, सगळं मला विचारायची. एवढ्या एकाच गोष्टीत तिनं माझे कान खोटे ठरवले. आणि तुला एका शब्दानं विचारायचं नाही असं मला बजावलं. तुझा अपमान होईल म्हणून."

मला तिथल्या तिथं जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"चुकलं माझं, ताई," मी कसंबसं म्हणालो.

"हे मला कशाला सांगतोस? मला आधीच माहीत होतं." ती शांत होती. "आता दहा मिनिटांपूर्वी सगळे बसले होते. आईला हसत होते. तेव्हा सांगायचं होतंस. तुझं हसणं ऐकलं मी."

मी दाराकडे बघितलं.

"मावशीची गाडी साडेसहाची आहे," ती म्हणाली. "अजून स्टँडवरच असेल. तिला सांगितलंस की ती सगळ्यांना सांगेल, तिच्या पोटात काही राहत नाही. जा."

मी उठलो. चपला घातल्या आणि स्टँडवर गेलो, जवळजवळ पळतच. अकलूजची गाडी लागलेली होती. बकुळामावशी खिडकीशी बसली होती, बाकीचे खाली उभे होते. मला धावत येताना बघून तिनं काच सरकवली.

"काय रे, माझं काही राहिलं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ड्रायव्हर चढला. गाडी सुरू व्हायला अजून चांगली तीन-चार मिनिटं होती.

"नाही मावशी," मी म्हणालो. "म्हटलं, नीट जागा मिळाली का बघावं."

"किती रे करतोस तू," मावशी म्हणाली. "आमच्या थोरल्या ताईला फार कौतुक होतं तुझं."

गाडी गेली. मी परत ताईकडे गेलो नाही, सरळ घराकडे वळलो. अर्ध्या वाटेत फोन वाजला. तिचाच होता.

"भेटली का मावशी?"

"भेटली."

"सांगितलंस?"

"हो," मी म्हणालो.

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.